आकडा खरा, पण कशासाठी?



नववी-दहावीच्या वर्गांत आता विषयांच्या चाचण्यांबरोबर आणखी एक कागद फिरू लागला आहे. त्यात गेल्या काही दिवसांत झोप कशी लागली, अभ्यासात लक्ष लागते का, स्वतःविषयी काय वाटते, असे प्रश्न असतात, आणि मुलाने ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंतच्या एखाद्या चौकटीत खूण करायची असते. खुणांची बेरीज होते आणि एक आकडा तयार होतो. त्या आकड्यावरून कोणाला समुपदेशकाकडे पाठवायचे, कोणाच्या पालकांना बोलावून घ्यायचे, हे ठरते. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी त्या आकड्याविषयी बोलणार आहे, आणि माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मानसशास्त्रीय प्रश्नावली सर्व काळी, सर्वांसाठी ‘प्रमाणित’ असू शकत नाही. अमुक वयाच्या, अमुक भाषेच्या, अमुक परिस्थितीतल्या मुलांविषयी अमुक निर्णय घेण्यासाठी तिचा आकडा वापरणे योग्य आहे की नाही, एवढेच सिद्ध करता येते. आणि दरवेळी वापर बदलला की ते नव्याने सिद्ध करावे लागते. असा पुरावा हाती नसताना एखाद्या मुलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार शाळेला पोहोचत नाही.

बी.एड.च्या वर्गात सप्रमाणतेची व्याख्या आपण सगळे पाठ करतो: जे मोजण्यासाठी चाचणी तयार केली तेच ती मोजत असेल तर ती सप्रमाण. व्याख्येत चूक नाही, पण ती अपुरी आहे. ती वाचणाऱ्याला वाटते की सप्रमाणता हा चाचणीच्या अंगचा गुण आहे. एकदा कोणीतरी, कुठेतरी तो तपासला की ती चाचणी कोणत्याही गावी, कोणत्याही कामासाठी उघडायला मोकळी. १९५५ साली ली क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात या समजुतीचा पाया हलवला. नैराश्य, चिंता, बुद्धी या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्याविषयीची आपली कल्पना आणि हाती येणारे आकडे यांचा मेळ बसतो का, हे अनेक बाजूंनी, पुन्हा पुन्हा पाहावे लागते, असे त्यांनी मांडले. १९८९ मध्ये सॅम्युएल मेसिक आणखी पुढे गेले. आकड्याचा आपण लावलेला अर्थ, त्यावरून केलेली कृती आणि त्या कृतीचे परिणाम हे सारे पडताळणीच्या कक्षेत येते, अशी त्यांची भूमिका होती. आज अमेरिकेतल्या शिक्षण, मानसशास्त्र आणि मापन या क्षेत्रांतल्या तीन संघटना मिळून जी मानके प्रसिद्ध करतात, त्यांच्या २०१४ च्या आवृत्तीतही हीच दृष्टी आहे. प्रश्नांचा आशय नेमका आहे का, उत्तर देताना मुलाच्या मनात खरोखर काय चालते, प्रश्नांचा आपापसांत अपेक्षित संबंध दिसतो का, इतर मापनांशी आकडा जुळतो का, आणि वापराचे परिणाम काय होतात, या सगळ्या दिशांनी पुरावा गोळा करावा असे ती सांगतात. आपल्या शाळांत पोहोचणाऱ्या प्रश्नावलीबरोबर यांतल्या बहुधा एकाच दिशेचा पुरावा येतो. तोही अनेकदा येत नाही.

हे तात्त्विक काथ्याकूट नाही. मापनाचा शाळेतला इतिहासच याची साक्ष देतो. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ३० कृतींची श्रेणी तयार केली, ती एका मर्यादित कामासाठी. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखायची आणि त्यांना वेगळी मदत द्यायची, एवढाच तिचा हेतू होता. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढत नाही, या मताला बिने यांनी स्पष्ट विरोध केला होता. १९११ मध्ये ते वारले. तीच श्रेणी अमेरिकेत गेली, तिची सुधारित आवृत्ती १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी काढली, आणि काही वर्षांतच मदतीसाठी केलेले साधन माणसांची प्रतवारी लावण्याच्या कामी जुंपले गेले. त्याची एक ठळक फलश्रुती सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात दिसली. तिथे शाळांतल्या एकूण मुलांत कृष्णवर्णीय मुले सुमारे १० टक्के होती. पण मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गांत त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. पालक न्यायालयात गेले. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी निकाल दिला. त्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मुद्दा असा: कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गात घालण्याच्या कामासाठी या बुद्धिचाचण्या पडताळलेल्या नाहीत. त्या चाचण्यांच्या मागे दशकांचे संशोधन होते, जाडजूड पुस्तिका होत्या. तरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तिकांत नव्हते.

आता आजच्या माध्यमिक शाळेकडे वळू. नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-९, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या ६,००० प्रौढ रुग्णांवर ती वापरली गेली आणि त्यांपैकी ५८० जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली. २७ पैकी १० किंवा अधिक गुण हा कटऑफ तेव्हा योग्य ठरला. त्या पातळीला प्रश्नावलीने आजारी माणसांपैकी ८८ टक्के पकडले आणि आजारी नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांना बरोबर वगळले. आकडे उत्तम आहेत, त्यांच्याविषयी मला शंका नाही. पण ते तिथल्या प्रौढ रुग्णांचे आहेत. भारतातल्या १४ ते १८ वर्षांच्या २३३ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळणीसाठी सर्वांत योग्य कटऑफ निघाला तो ५. म्हणजे अमेरिकेतल्या पुस्तिकेवरून १० चा आकडा उचलला असता, तर ५ ते ९ गुण मिळवणाऱ्या मुलांना ‘काही काळजी नाही’ म्हणून घरी पाठवले गेले असते. आणि म्हणून आता महाराष्ट्रभर ५ हाच आकडा धरा, असेही मी म्हणणार नाही. २३३ विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून गडचिरोलीच्या आश्रमशाळेचा कटऑफ ठरत नाही.

कटऑफपेक्षाही एक मोठी अडचण आहे, आणि ती समजायला साधी त्रैराशिकाची तयारी पुरते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात कोणत्याही मानसिक विकाराचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. समजा, एका मोठ्या शिक्षणसंस्थेने १,००० मुलांना प्रश्नावली दिली आणि ती ८८ टक्के अचूकतेने चालली. ७३ आजारी मुलांपैकी ६४ पकडली जातील, ९ निसटतील. उरलेल्या ९२७ निरोगी मुलांपैकी १२ टक्के, म्हणजे १११ मुलांवरही खूण लागेल. संशयित ठरलेल्या १७५ मुलांत खरी आजारी ६४, आणि हे सर्व विकार एकत्र धरून. नैराश्य एकटे धरले तर निरोगींचा वाटा आणखी वाढतो. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पद्धतशीर तपासणी झाली होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विकाराचे प्रमाण केवळ १.८१ टक्के होते. १,००० मुलांचे तेच गणित तिथे मांडले तर खूण लागलेल्या सुमारे १३४ मुलांत आजारी फक्त १६. प्रश्नावली तीच, तिची अचूकता तीच. शाळा बदलली आणि आकड्याचा अर्थ बदलला. न्यूयॉर्क परिसरातल्या हायस्कुलांत १,७२९ विद्यार्थ्यांवर तपासलेल्या ‘कोलंबिया सुइसाइड स्क्रीन’चा अनुभव हेच सांगतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पडताळणीत, धोका आहे असे दाखवलेल्या मुलांपैकी खरोखर धोक्यात असलेली १६ टक्के निघाली. संशोधकांनी हे लपवले नाही; प्रश्नावलीनंतर प्रत्येक मुलाशी तज्ज्ञाने बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा दुसरा टप्पा त्या योजनेतच होता. आपल्याकडे पहिला टप्पा उचलला जातो आणि दुसरा खर्चिक म्हणून मागे राहतो, ही माझी तक्रार आहे.

मुलाच्या मनात उत्तर देताना काय चालते, या दिशेकडे तर जवळपास कोणीच पाहत नाही. रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली, एसडीक्यू, १९९७ पासून जगभर वापरली जाते. समवयस्कांपेक्षा मोठ्या माणसांशी आपले अधिक जमते, अशा आशयाचे एक विधान तिच्यात आहे, आणि त्याला होकार दिला की समवयस्कांशी असलेल्या अडचणीचा गुण वाढतो. आजी-आजोबा, काका-काकू यांच्यात वाढणाऱ्या, शेतात मोठ्यांबरोबर राबणाऱ्या मुलाने होकार दिला तर त्यात अडचण कोणती? पीएचक्यू-९ मध्ये थकव्याचा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पहाटे उठून पाणी भरणारी, भाकऱ्या थापून शाळेला येणारी मुलगी ‘जवळजवळ रोज थकवा’ या चौकटीत खूण करते, तेव्हा ती खरेच उत्तर देत असते. पण तो आकडा नैराश्याचा की लोहाच्या कमतरतेचा, हे बेरजेला कळत नाही. तिला मदत हवीच आहे, पण कदाचित ती लोहाच्या गोळ्यांची आणि घरकामातून सुटकेची. एकट्यादुकट्या विधानांचा हा प्रश्न आहे असेही नाही. भारत, बांगलादेश, ब्राझील, ब्रिटन, नॉर्वे, रशिया आणि येमेन या सात देशांतल्या सुमारे २९,००० मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एसडीक्यूच्या गुणांवरून देशादेशांत जो फरक दिसत होता, तो तपशीलवार मुलाखतींतून निघालेल्या विकारांच्या प्रमाणाशी जुळत नव्हता. देशांची तुलना जिथे डळमळते, तिथे एकाच राज्यातल्या पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या आणि धडगावच्या आश्रमशाळेतल्या मुलांचे गुण एकाच रकान्यात ठेवताना तरी आपण थांबायला हवे.

यावर पहिला आक्षेप संशोधक मित्रांकडून येतो. आम्ही विश्वसनीयता काढली आहे, ते म्हणतात, अल्फा ०.८५ आहे. क्रॉनबॅक यांच्या नावाने १९५१ पासून ओळखला जाणारा हा अंक प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते दाखवतो, आणि प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तो आला की पडताळणी संपली असे मानण्याची आपल्या विद्यापीठांत रीत पडली आहे. पण तेच विधान थोडे शब्द फिरवून दहा वेळा विचारले तरी अल्फा वाढतो. रक्तक्षयाने थकलेल्या मुली थकव्याच्या, झोपेच्या, भुकेच्या आणि लक्ष न लागण्याच्या प्रश्नांना सुसंगतच उत्तरे देतील. सुसंगती आवश्यक आहे, पण ती कशाविषयीची हे अल्फा सांगू शकत नाही. मुलगे आणि मुली, शहर आणि गाव, मराठी घरी बोलणारे आणि अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे असे गट करून, सारखाच त्रास असलेली मुले एखाद्या प्रश्नाला वेगळे उत्तर देतात का, हे पाहण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्या अवघड नाहीत, आणि संगणकावर त्यांना आता दमडीही पडत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी टाळणार नाही. मुले आत्महत्या करत असताना तुम्ही पुराव्याची वाट पाहायला सांगता का? परीक्षेचा ताण, शिकवणी वर्गांची स्पर्धा, घरातली ओढाताण हे सारे खरे आहे. २०२२ मध्ये एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांना आपल्या चिंतेचे कारण म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक समुपदेशक असावा, असे सांगितले. शाळेने मुलांच्या मनाकडे बघू नये असे म्हणणारा मी कोण? माझा आक्षेप क्रमाला आहे. ऐकून घेणारे माणूस आधी यावे, प्रश्नावली नंतर. ज्या शाळेत समुपदेशक नाही, जवळ मानसोपचाराची सोय नाही, तिथे १७५ मुलांवर खूण लावून पुढे काय करणार? निर्णय न घेता खूण तेवढी लागली, तर त्या मुलाचे नाव वर्गात पसरते, पालकांच्या कानांवर जाते आणि मुलगी असेल तर तिच्या शिक्षणावर गदा येऊ शकते. ‘नुसती चाळणी आहे, अपाय काय?’ असे विचारणाऱ्यांनी या परिणामांचाही हिशेब पुराव्यात धरला पाहिजे. मेसिक यांचे म्हणणे तेच होते. एनसीईआरटीच्या सर्वेक्षणात नावे नव्हती. एकूण चित्र समजून धोरण ठरवण्यासाठी लागणारा पुरावा आणि एका मुलाचे नाव घेऊन निर्णय करण्यासाठी लागणारा पुरावा यांत मोठे अंतर आहे, आणि पहिल्या कामाला चालणारा कागद दुसऱ्या कामाला आपोआप चालत नाही.

शिक्षकाची नजर पुरेशी आहे, प्रश्नावल्या फेकून द्या, असे कोणी यावरून म्हणेल तर तेही मला मान्य नाही. त्याच न्यूयॉर्कच्या हायस्कुलांतला २००९ चा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. गंभीर मानसिक अडचणी असलेल्या मुलांपैकी ३४ टक्के केवळ प्रश्नावलीमुळे लक्षात आली. शाळेतल्या माणसांना त्यांचा पत्ताच नव्हता. केवळ शाळेच्या नजरेतून ओळखली गेलेली १३ टक्के होती. गप्प बसणारे, वेळेवर गृहपाठ देणारे, कोणाला त्रास न देणारे मूल शिक्षकाच्या नजरेतून निसटते. चांगली प्रश्नावली त्याला बोलण्याची एक संधी देते. म्हणूनच ती चांगली असायला हवी.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मूल्यमापनाची आणखी एक वाट उघडली आहे. २०२० च्या धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचे मूल्यमापन करावे, असे आहे. कल्पना उत्तम आहे. पण चिकाटी, आत्मसंयम असे गुण मुलाच्या स्वतःच्या सांगण्यावरून मोजून शाळांची तुलना होऊ लागली तर धोका आहे. बॉस्टनच्या आठवीतल्या विद्यार्थ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात विचित्र गोष्ट दिसली: कडक शिस्तीच्या, गुणवत्ता वाढवणाऱ्या शाळांतल्या मुलांनी आत्मसंयमात स्वतःला कमी गुण दिले. ती मुले बिघडली नव्हती. ज्यांच्याशी ती स्वतःची तुलना करत होती, ते मापच उंचावले होते. चिकाटीची प्रसिद्ध श्रेणी तयार करणाऱ्या अँजेला डकवर्थ यांनीच डेव्हिड येगर यांच्याबरोबर २०१५ मध्ये इशारा दिला की अशी मापने शाळांचा जाब विचारण्यासाठी तयार नाहीत. ज्यांनी साधन घडवले त्यांनीच त्याची हद्द सांगावी, हा मला या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. २०१६ पासून आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांची झालेली कल चाचणीही याच कसोटीवर पाहावी. चाचणीने सुचवलेल्या शाखेत गेलेली मुले काही वर्षांनी कुठे आहेत, सूचना न मानणाऱ्यांपेक्षा ती अधिक समाधानी किंवा यशस्वी आहेत का, हा तिचा पुरावा. तो सर्वांना वाचता यावा.

शेवटचा आक्षेप पैशाचा. हे सारे मराठीत कोण करणार? इतिहासाने याचे उत्तर दिले आहे. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या श्रेणीची मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी सुधारित आवृत्ती केली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्डने छापले. पारतंत्र्यात, संगणकाविना, मुलांना एकेक करून समोर बसवून हे काम झाले. दुःख एवढेच की ‘बिने-कामत’ चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते, आणि तिची मानके अनेक दशके जुनी आहेत. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की अमेरिकेत १९३२ ते १९७८ दरम्यान बुद्धिचाचण्यांतली कामगिरी सुमारे १४ गुणांनी वर सरकली होती. जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसते, आणि ज्याला प्रमाणपत्र व सवलत मिळायला हवी तो काठावरून परत फिरतो. नवे काम आपल्याला जमते याचा पुरावाही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनदोष ओळखण्यासाठी ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये आणला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, सुमारे ४,८०० मुलांवर तपासून. तो पहिली ते पाचवीसाठी आहे. आठवी ते दहावीच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. बाजारातल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का नसेल तर आपण कांदे घेताना कुरकुरतो. मुलाच्या मनाचे माप घेणाऱ्या कागदावर कोणाचा शिक्का आहे हे विचारायला पैसे लागत नाहीत.

म्हणून माझी मागणी आहे ती दोन ठिकाणी. विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र विभागांनी प्रबंधासाठी दरवर्षी नव्या प्रश्नावल्या तयार करणे थांबवावे. दोन-तीन चांगल्या श्रेणी निवडाव्यात, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि आश्रमशाळांतल्या मुलामुलींशी एकेका प्रश्नावर बोलून त्या मराठीत घडवाव्यात, तज्ज्ञांच्या मुलाखतींशी ताडून त्यांचे कटऑफ ठरवावेत, आणि त्यांची तांत्रिक पुस्तिका कोणालाही फुकट वाचता येईल अशी ठेवावी. दर दहा-पंधरा वर्षांनी मानके नवी करावीत. आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी कोणतीही संस्था प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन शाळेच्या दारात आली, की आधी विचारा, ती कोणत्या मुलांवर आणि कोणत्या निर्णयासाठी तपासली आहे, आणि खूण लागलेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी कोण बोलणार आहे. दोन्ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत गठ्ठा उघडू नका, आणि अशा आकड्याची एकही नोंद मुलाच्या कोणत्याही कागदावर होऊ देऊ नका.